सोपारा आणि वसई किल्ला: मुंबईतून अर्ध्या दिवसाची सफर, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पाहुणे आले की आपण मुंबईकर त्यांना गेटवेला नेतो आणि तिथून घारापुरीला. घारापुरी बघायलाच हवी, पण तिला अर्धा दिवस पुरत नाही. लाँचने जायला तासभर, यायला तासभर, वर शंभरावर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. ज्यांच्या हातात एकच सकाळ आहे आणि ज्यांना समुद्रकाठचे जुने अवशेष आपल्या चालीने, घाई न करता बघायचे आहेत, त्यांना मी गेली कित्येक वर्षं एकच सांगते: नालासोपारा आणि वसई करा. आधी सोपाऱ्याचा स्तूप, मग वसईचा किल्ला, आणि दुपारच्या जेवणाला परत.

ही दोन ठिकाणं एकत्र का, तर दोन्ही बंदरं आहेत. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात ते ‘सौपारा’ म्हणून येतं, बौद्ध कथांत तिथल्या व्यापाऱ्यांची जहाजं दूरदेशी जातात. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबतं आत येईनाशी झाली आणि व्यापार खालच्या अंगाला वसईच्या खाडीकडे सरकला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली, तिच्याबरोबर मुंबईची बेटंही दिली. म्हणजे शंभरावर वर्षं मुंबई वसईच्या कारभाराखाली होती. हे पाहुण्यांना सांगितलं की गाडीतच त्यांचे कान टवकारतात.

दिवस कोणता, वेळ कोणती

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दहा वाजताच ऊन चटके देतं आणि किल्ल्यात सावली कमी. पावसाळ्यात किल्ला हिरवागार होतो, बघत राहावं असा, पण भिंतींवर आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर जुलै-ऑगस्ट टाळाच. रविवारी लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेल्या जोडप्यांची आणि सहलींची गर्दी असते. मंगळवार-बुधवार जमला तर किल्ला जवळजवळ तुमचा एकट्याचा.

सकाळी लवकर निघा म्हणतेय ते फक्त उन्हासाठी नाही. किल्ल्यातली बरीचशी चर्चं आता बिनछपराची आहेत. सकाळचं तिरपं ऊन आत येतं तेव्हा दगडावरची कोरलेली अक्षरं, नक्षीची धार, झिजलेली चिन्हं उठून दिसतात. तीच फरशी बारा वाजता बघितली तर सपाट पाटासारखी दिसते, काही कोरलंय हेसुद्धा कळत नाही. मी पहिल्यांदा भर दुपारी गेले होते आणि ‘नुसत्या भिंती आहेत’ असं म्हणत परत आले होते. तसं तुमचं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

आता भरती-ओहोटीचं. वसईच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि होड्या कलंडून बसतात. भरतीला पाणी चढतं आणि हा किल्ला या पाण्यावर ताबा ठेवण्यासाठीच बांधलाय हे न सांगता कळतं. भरती कधी, हे काढायचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. कालनिर्णयात एकादशी दिसली तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. चतुर्दशीला साडेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. तेव्हा सकाळी पाणी भरलेलं बघायचं असेल तर एकादशी ते चतुर्दशीमधला दिवस धरा, शुद्ध असो की वद्य. अष्टमीला गेलात तर सकाळी सहाला भरती आणि बाराला पूर्ण ओहोटी, म्हणजे तुम्ही किल्ल्यात असताना पाणी उतरतच जाणार.

गाडी करावी की लोकलने जावं

दोन्ही केलंय, म्हणून स्पष्ट सांगते. चालता-फिरता येणारी दोन-तीन माणसं असाल तर लोकलने जा आणि रिक्षा तिथे ठरवा. आजी-आजोबा, तान्हं मूल किंवा पाच-सहा माणसं असतील तर घरापासून गाडी करा.

गाडीवाल्याशी बोलताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मुंबईत गाड्या साधारण ‘चार तास चाळीस किलोमीटर’ किंवा ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’ अशा हिशेबाने मिळतात. दादरहून सोपारा आणि वसई करून परत यायचं तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतात. म्हणजे वेळ आठ तासांत बसेल, पण किलोमीटर ऐंशीच्या पुढे जाणार. बुकिंग करतानाच वरच्या किलोमीटरचा दर विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. मी एकदा तोंडी बोलण्यावर विसंबले. गाडी तासभर उशिरा आली, तो तास आमच्याच आठ तासांत मोजला, आणि उतरताना किलोमीटरवरून वाद झाला. आत्या बरोबर होती, ती बिचारी फुटपाथवर पिशवी घेऊन ताटकळत उभी. तेव्हापासून मी चार गोष्टी लिहून घेते: वेळ कुठून मोजणार, किलोमीटर कुठून मोजणार, वरचा दर काय, आणि टोल-पार्किंग कोणाचं. शिवाय गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे ना, ते बघा. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याचं झेंगट तुमच्या गळ्यात.

रस्ता असा: पश्चिम द्रुतगती मार्गाने दहिसर, पुढे अहमदाबाद हायवे, खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडून वसई फाटा. दहिसर नाक्यावर हलक्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. मात्र दहिसर ते वसई फाटा या पट्ट्यात अवजड वाहनांनी कधी कोंडी होईल सांगता येत नाही. म्हणून दादरहून निघणाऱ्यांनी सहाला निघावं, बोरिवलीकरांनी साडेसहाला. साडेसातला निघू म्हणणाऱ्यांची अर्धी सकाळ हायवेवरच जाते.

लोकलचं गणित उलट. सकाळी विरारकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या, कारण सगळी गर्दी चर्चगेटकडे निघालेली असते. विरार फास्ट पकडा, डाव्या हाताची खिडकी घ्या. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवर येते. दोन पुलांच्या मध्ये जे बेट लागतं ते पाणजू. डावीकडे जिथे खाडी रुंद होत समुद्राला मिळते, तिथेच किल्ला आहे. वसईच्या सगळ्या लढाया या पाण्यावर ताबा कोणाचा, यासाठी झाल्या. चर्चगेटहून जेमतेम सव्वा तासाचा प्रवास. नालासोपाऱ्याला उतरा, पश्चिमेला बाहेर पडा आणि रिक्षा ठरवा.

रिक्षावाल्याला सगळा बेत एकदम सांगा: “दादा, आधी सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, मग वसई किल्ला, तिथे थांबायचं, आणि शेवटी वसई रोड स्टेशन. दुपारी बारापर्यंत. किती घ्याल?” थांबण्याचे पैसे धरूनच आकडा घ्या. किल्ल्याहून रिकामी रिक्षा मिळायला वेळ लागतो, त्यामुळे थांबवलेली रिक्षा महाग पडत नाही. सोपारा गाळून फक्त किल्ला करायचा असेल तर सरळ वसई रोडला उतरा. पश्चिमेहून वसईगावाकडे बस आणि शेअर रिक्षा मिळतात, पारनाक्यापर्यंत जाऊन पुढची थोडी वाट वेगळी रिक्षा करा.

आणखी एक वाट आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली. माणसंही जातात, गाडीही चढते, आणि बोट किल्ल्याजवळच्या धक्क्याला लागते. हायवेचा वळसा वाचतो. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघून घ्या. या वाटेने आलात तर सोपारा किल्ल्यानंतर करा किंवा सोडून द्या.

सोपारा: अर्धा तास, पण रिकाम्या डोक्याने जाऊ नका

सोपाऱ्याला जाऊन ‘एवढंच?’ असं म्हणणारे खूप भेटतात. दिसायला खरंच एवढंच आहे: वस्तीच्या कुशीत एक आवार, झाडं, आणि मध्ये विटांचा उंचवटा. तिथे काय सापडलं ते माहीत असेल तरच तो उंचवटा बोलतो.

गावातले लोक या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये प्राचीन अवशेषांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं. मधोमध विटांनी बांधलेली पोकळी निघाली, तिच्यात दगडाची मोठी गोल पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या ब्राँझच्या आठ छोट्या मूर्ती, सात मानुषी बुद्ध, म्हणजे माणसाच्या रूपात होऊन गेलेले, आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणार असलेला बुद्ध. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्यात दगडाचा, दगडाच्यात स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्यात सोन्याचा. सोन्याच्या इवल्याशा करंड्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कोणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या. पेटीत यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणंही होतं, आणि मूर्ती मात्र त्याच्यानंतर काही शतकांच्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी ही पेटी उघडली, पूजा केली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केली. मातीच्या खापऱ्यांसाठी पाच थरांची राखण! मी मुलांना नेते तेव्हा घरून एकात एक बसणारे डबे नेते आणि तिथे बसून एकेक उघडते. शेवटच्या डबीत कवडी ठेवलेली असते. ती निघाली की सगळी गप्प होतात.

हे सारं आता मुंबईत, एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपाऱ्यातला दुसरा ठेवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात: अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा ब्राह्मीतला तुकडा, तोही १८८२ मध्येच भातेला तळ्याजवळ सापडलेला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. आठव्या लेखातला मजकूर सहलीला निघालेल्यांनी ऐकावा असाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार करत, मौजमजा करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाली तेव्हा अशोक बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून त्याच्या धर्मयात्रा सुरू झाल्या: वृद्धांच्या भेटी घ्यायच्या, दान द्यायचं, गावोगावच्या लोकांना भेटायचं. मुंबईजवळचं हे गाव त्या मौर्य राज्यात होतं याचा आपल्याला हाताने स्पर्श करता येईल असा पुरावा हाच दगड.

स्तूपावर चढू नका, विटांना आधीच खूप सोसावं लागलंय. आवारात चप्पल काढून बसलेले उपासक दिसतील, त्यांच्यासाठी हे आजही पूजास्थान आहे. तेवढं भान ठेवून बोला. दहा मिनिटं हाताशी असतील तर जवळच चक्रेश्वराच्या तळ्याकाठी देऊळ आहे, तिथली ब्रह्मदेवाची मोठी दगडी मूर्ती बघून घ्या. ब्रह्मदेवाची मूर्ती सहजासहजी कुठे दिसत नाही.

आठ-सव्वाआठला तिथून निघा. वसई किल्ला अर्ध्या तासावर.

किल्ला: शेवटाकडून सुरुवात करा

पहिल्यांदा जाणारे नव्याण्णव टक्के चूक इथेच करतात. रस्ता भूदरवाज्याच्या बाजूने किल्ल्यात शिरतो, चिमाजी आप्पांचं स्मारक दिसतं, लोक तिथेच उतरतात आणि समोर दिसेल त्या भिंतीकडे चालू लागतात. तासाभराने दमतात. कारण ते याला डोंगरी किल्ला समजून बघतात: बुरूज कुठे, तोफ कुठे. वसई तशी नाही. तट साडेचार किलोमीटरचा आणि आत जवळपास एकशे दहा एकर जागा. हे तटाच्या आतलं शहर होतं, उत्तर कोकणातल्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी. रस्ते, चौक, कचेऱ्या, मठ, दवाखाना, वाडे. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७५ मध्ये इथे आला होता. त्याने दुमजली घरांचं आणि शिंपल्यांची तावदानं लावलेल्या मोठ्या खिडक्यांचं वर्णन केलंय. आणि या शहरात लोक समुद्राकडून येत.

म्हणून गाडी किंवा रिक्षा आत कुठे न थांबवता सरळ किल्लाबंदरच्या धक्क्यापर्यंत न्या. तिथे उतरा, आणि जहाजातून आत्ताच उतरलोय असं समजून बंदरदरवाज्याने आत या. गाडीवाल्याला सांगा, तू मागे भूदरवाज्यापाशी जाऊन थांब. मग चालणं एकाच दिशेचं होतं, परत फिरावं लागत नाही.

धक्क्यावर पाच मिनिटं उभे राहा. समोर खाडी, पलीकडे भाईंदरचा किनारा. मासेमारीच्या दिवसांत कोळीवाड्यात बांबूंवर ओळीने बोंबील टांगलेले असतात, वाऱ्याबरोबर हलतात. वास येतो, नाक मुरडू नका, हे लोकांचं अंगण आहे. फोटो काढायचा तर आधी विचारा. मी एकदा न विचारता कॅमेरा वर केला, तर जाळं शिवत बसलेल्या मावशी म्हणाल्या, “पोरी, आधी बोल तरी, मग काढ.” नंतर त्यांनीच ओहोटीला चिखलात दरवाज्याचा खालचा दगडी धक्का कुठे दिसतो ते दाखवलं.

बंदरदरवाज्याची लाकडी दारं अजून आहेत. लोखंडाने मढवलेली, टोकदार खिळ्यांची. दाराच्या कडेला उभं राहून एका खिळ्याकडे नीट बघा. मिठाच्या वाऱ्याने लोखंड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटलंय, लाकूड खाली राखाडी पडलंय, आणि खिळ्याचं टोक मात्र अजून टोचेल असं आहे.

आत आलं की जवळच उंच मनोरा दिसतो. ते सेंट जोसेफचं चर्च, वसईचं मुख्य चर्च. दर्शनी दारावरच्या शिलालेखात १६०१ साल आहे, त्या वर्षी ते नव्याने बांधलं गेलं. मनोऱ्यात वर जाणारा अरुंद गोल जिना आहे. वर गेलेल्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. माझं ऐका, चढू नका. पायऱ्या झिजल्यात, आत अंधार असतो, आणि वरून उतरणारं माणूस समोर आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. खालून चर्चच्या मधल्या लांब दालनाकडे बघण्यातच सुख आहे: छप्पर नाही, वर आकाश, आणि कमानीतून फांद्या आत आलेल्या.

पुढे बालेकिल्ला लागतो. पोर्तुगिजांनी आधी हा बांधला, मोठा तट नंतर आला. त्याच्या दरवाज्यावर मान वर करून बघा: पोर्तुगालच्या राजाचं ढालीचं चिन्ह, बाजूला क्रूस, आणि कड्यांनी बनलेला एक गोल. हा गोल म्हणजे आकाशातल्या ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं खलाशांचं यंत्र. दर्यावर्दी राज्याची ती खूण. समुद्रावरून आलेल्यांना पहिल्याच मोठ्या दारावर आपली ओळख कोरून ठेवायची होती.

इथून वाटा फुटतात. डोमिनिकन, जेझुइट आणि फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघांचे तीन मोठे मठ होते, तिन्ही बघायच्या भानगडीत पडू नका. जेझुइटांचं चर्च दुरुस्त होऊन आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने उभं आहे. गार्सिया वसईचेच, आई इथली, वडील पोर्तुगीज. जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इतर पंचवीस जणांबरोबर त्यांना क्रूसावर मारलं, आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. चर्चचं दर्शनी दार किल्ल्यातलं सगळ्यात सुबक कोरीवकाम आहे, पण जास्त वेळ ठेवा तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चसाठी.

तिथे आत शिरलं की खाली बघत चाला. फरशीत थडग्यांचे दगड बसवलेत, पोर्तुगीज अक्षरांचे. मी सांगितलं ते तिरपं ऊन इथे लागतं. गुडघ्यावर बसा, पानं हाताने बाजूला सारा. रोमन लिपीतली मोठी अक्षरं, मध्येच दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली, कुठे साल, कुठे घराण्याची ढाल. ‘सेपुल्तूरा’ हा शब्द सापडतो का बघा, त्याचा अर्थ थडगं. कोणाचं, त्याची बायको, त्याचे वारस, असं पुढे येतं. कोकणातल्या पावसाने अक्षरं गोल झालीत, बोट फिरवल्यावर डोळ्यांपेक्षा आधी बोटाला कळतात. खडूने किंवा कोळशाने घासून अक्षरं उठवायचा प्रयत्न मात्र करू नका. पूर्वी लोक करत, त्याचे डाग अजून आहेत. आणि दगडावर पाय देऊन उभे राहू नका. किती जुना असला तरी तो कोणाचा तरी बाप आहे.

चिमाजी आप्पांच्या वाटेवर

आता तटाच्या बाजूने भूदरवाज्याकडे निघा. मराठी माणसाला वसई आठवते ती या बाजूसाठी. फेब्रुवारी १७३९ मध्ये बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा वेढा घालून बसले. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, हल्ला करायला फक्त जमिनीची बाजू. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्यात सेबॅस्टियन बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडाले, भगदाड पडलं, आणि त्या भगदाडात दोन दिवस हातघाईची लढाई झाली. दोन्हीकडची पुष्कळ माणसं पडली. ‘वसई घेता येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत टाका’ असं आप्पा म्हणाले, असं परंपरा सांगते. शेवटी पोर्तुगिजांनी तह मागितला. तहात त्यांना सन्मानाने, कुटुंबकबिल्यासह बाहेर जाऊ दिलं. हा भाग पाहुण्यांना जरूर सांगा, बहुतेकांना माहीत नसतो.

चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला ज्या मोठ्या घंटा बघितल्या असतील, त्या वसईच्या स्वारीतल्या. किल्ल्यातले रिकामे मनोरे बघितल्यावर मला दर वेळी त्या घंटा आठवतात. माझ्या आत्याने लहानपणी मेणवलीची घंटा वाजवली होती. ती मनोऱ्याखाली बराच वेळ वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ती इथली होय.”

वाटेत नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरीचंही आहे. पाणी प्या, दोन मिनिटं टेका. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. चिमाजींनी घेतलेलं गाव आणि त्यांच्याच घराण्यातल्या पेशव्याने स्वातंत्र्य गहाण टाकलं तेही हेच गाव. मध्ये फक्त त्रेसष्ट वर्षं.

सोबत काय न्यायचं, काय टाळायचं

माणशी एक लिटर पाणी, टोपी, बंद बूट. गवतात काटे आणि क्वचित सापही असतात, म्हणून चपला नकोत आणि मळलेली वाट सोडू नका. किल्ल्यात स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका, आधी वसईगावात हॉटेलात चहा घ्या आणि तिथेच जाऊन या. एकट्या बाईने आतल्या आडबाजूच्या मठांत शिरू नये असं मी सांगेन, दोघी-तिघी असल्या तर बिनधास्त. अंधार पडायच्या आत बाहेर.

किल्ला आणि स्तूप, दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. भिंतीवर नाव कोरणाऱ्याला कायद्याने दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ज्यांना माहीतगार माणूस हवा त्यांनी स्थानिक दुर्गप्रेमींना विचारावं. किल्ले वसई मोहीमसारखे गट वर्षानुवर्षं इथे साफसफाई आणि अभ्यास करत आलेत. त्यांच्यासारखं कोपरान् कोपरा दाखवणारं दुसरं कोणी मिळणार नाही.

परतताना

साडेअकराला भूदरवाज्यापाशी गाडीत बसा. वसईगावच्या बाजारात दहा मिनिटं थांबा आणि सुकेळी विचारा: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती तपकिरी, चिकट आणि गुळासारखी गोड होतात. आधी एक चाखून घ्या, मग विकत घ्या. चांगली सुकेळी दाताला चिकटते पण वातड लागत नाही. उन्हाळ्यात गेलात तर ताडगोळेही मिळतील, किल्ल्यात इतके ताड दिसले ते काही उगीच नाही. जेवायचंच असेल तर मासे खा. घरी जेवायचं असेल तर दोन वाजेपर्यंत दादरला पोचता.

लोकलने परतणाऱ्यांनी बाराच्या पुढची चर्चगेट गाडी घ्यावी. सकाळची गर्दी तोवर ओसरलेली असते, बसायला जागा मिळते. या खेपेला उजवीकडची खिडकी घ्या. नायगाव सुटलं की पुन्हा खाडी येते. पाणी उतरलेलं असेल आणि सकाळी तरंगणाऱ्या होड्या चिखलात बसलेल्या दिसतील. सुकेळ्यांची पुडी पिशवीत वर ठेवा, खाली दबली तर घरी पोचेपर्यंत तिचा एकच गोळा होतो.